ऑर्फा टिलेट बंदूक निवडते

टिलेटांच्या घरात रायफल सोडून दुसऱ्या कशाला कुणी बंदूक म्हटलं नव्हतं. छर्ऱ्याची बंदूक म्हणजे शहरातून बदकं मारायला येणाऱ्या, करकरीत जाकिटं घातलेल्या लोकांचं खेळणं, असं ऑर्फाचे वडील म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर अशा काही थाटात थुंकायचे की तो विषय तिथेच मिटायचा. त्यामुळे मे महिन्यातल्या एका सकाळी ऑर्फा मर्ल स्टँगच्या दुकानात शिरली, खाद्याच्या पोत्यांना वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "मर्ल, छर्ऱ्याची एखादी काढ, बारा बोअरची," तेव्हा कॉफीच्या किटलीपाशी बसलेल्या चब ऑस्ट्रँडरने तोंडाशी नेलेला कप परत खाली ठेवला.

"माझं काही म्हणणं नाही," चब म्हणाला. चबच्या प्रत्येक म्हणण्याची सुरुवात अशीच होते. "पण म्हातारा टिलेट वरून बघतोय हां."

"बघू दे. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसतं."

ऑर्फाच्या उजव्या डोळ्यात हिवाळ्यापासून एक धुरकट ठिपका बसला होता, अगदी मधोमध. कडेकडेचं सगळं दिसायचं. कुंपण दिसायचं, सेजची झुडपं दिसायची, लांबचा डोंगर दिसायचा. फक्त ज्याच्याकडे बघायचं तेवढंच नाहीसं व्हायचं. रायफलच्या दुर्बिणीत ती कायोटी धरायची आणि नेमकी कायोटी विरघळून जायची. साठीला टेकलेली बाई, आयुष्यभर वडिलांच्या हाताखाली नेम शिकलेली, आणि आता तिच्या नेमात गवत होतं, जनावर नव्हतं.

आणि कायोट्या रोज येत होत्या. कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा किरकोळ अशी ही जात वायोमिंगच्या या माळावर कुठे नाही असं नाही. पण या वर्षी त्या टिलेटांच्या कुरणाला चिकटल्या होत्या. सकाळी ऑर्फा कुरणात गेली की एखादी मेंढी सड तटतटलेली, एका जागी उभी राहून ओरडत असायची, आणि तिचं कोकरू म्हणून जे उरलेलं असायचं ते बादलीत मावायचं. राखणीची पांढरी कुत्री हिवाळ्यात मेली होती. नवं पिल्लू आणलं तरी ते कळपाच्या कामाचं व्हायला वर्ष जाणार, आणि वर्ष ऑर्फाकडे नव्हतं.

वर्ष नव्हतं याचं कारण डेल्विन. डेल्विन तिचा धाकटा भाऊ. मेंढ्या अर्ध्या त्याच्या, जमीन अर्धी त्याची, आणि तो स्वतः पूर्णच्या पूर्ण शाळेच्या बसचा. इतकी वर्षं बस चालवून तो घरीदारीही आरशात बघून मागच्यांशी बोलल्यासारखाच बोलतो. ईस्टरच्या जेवणाला हॅम कापता कापता त्याने सांगून टाकलं होतं, "ऑर्फी, नीट बसून ऐक. परत सांगणार नाही. शेपट्या कापायच्या दिवशी गेल्या वर्षीपेक्षा एकही शेपटी कमी भरली, तर मी मेंढ्या विकायला ट्रक बोलावणार. गलका नको."

महिनाअखेरीला शेजारपाजारचे सगळे जमतात, कोकरांच्या शेपट्या कापतात आणि कापलेल्या शेपट्या मोजून कोकरं किती ते ठरवतात. कोकरं मोजायला गेलं तर ती हलतात; शेपट्या पडून राहतात. गेलं वर्षच वाईट होतं. त्याहून कमी म्हणजे काय ते ऑर्फाला कळत होतं. तिचा नवरा फार पूर्वी रोडिओच्या, म्हणजे घोडे-बैल काबूत आणायच्या खेळांच्या, मागे नेवाड्याला गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. तिचा हात लहान आणि लांबट, म्हणून कुणाची मेंढी अडली की अख्खं खोरं तिला फोन करायचं; विण्याच्या दिवसांत तिच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पोरकी कोकरं बेंबटत असायची. मेंढ्या गेल्या की सकाळी उठून जायचं कुठे, याचं तिच्याकडे उत्तर नव्हतं. ती त्या प्रश्नाच्या जवळपासही जात नसे.

"ऐक, ऐक," मर्ल म्हणाला. हे त्याचं पालुपद. समोरचा ऐकत असला तरी तो दोनदा बजावतो. "उजवा गेला म्हणजे डाव्या खांद्यावरून मारावं लागणार. बरोबर? मग ही नको, ही पण नको. या सगळ्या उजव्या अंगाने काडतुसाचं रिकामं टरफल फेकतात. डावीकडून मारलंस तर गरम टरफल तुझ्या नाकासमोरून जाईल. उरलेला डोळा पण घालवायचाय का?"

"मग दुनळी दे. ती काही फेकत नाही."

"दुनळी आहे. फ्लॉइडच्या बायकोने विकायला ठेवलीय. पण तिच्या नळीचं तोंड आहे तसंच राहणार. ही बघ." त्याने भिंतीवरून एक मळकट काळी बंदूक उतरवली. पुढची मूठ मागेपुढे सरकवली की काडतूस चढायचं. "टरफल खालून टाकते. चाप अडवायचा खटका वर, अंगठ्याखाली. डावा काय, उजवा काय, हिला फरक पडत नाही. आणि नळीच्या तोंडात कडी फिरवून बसवता येते. आवळ पाहिजे आवळ, सैल पाहिजे सैल. आवळीतून छर्रे एकत्र जातात, सैलीतून फाकतात."

ऑर्फाने ती डाव्या खांद्याला लावून बघितली. आयुष्यभर उजव्या हाताने भाकरी खाल्ली आणि आता डाव्याने भरव म्हटल्यासारखं झालं. दस्ता गालाला लागेना, कोपर कुठे ठेवायचं कळेना.

"माझं काही म्हणणं नाही," चब म्हणाला, "पण झाडू धरल्यासारखी धरलीयस."

"चब, तुझी मेंढी अडली की झाडूवालीलाच फोन करतोस तू."

मर्लने गल्ल्यावर तीन काडतुसं फोडून छर्रे मांडले. पहिल्यात वाटाण्याएवढे गोळे, मोजकेच. दुसऱ्यात तुरीएवढे, जरा जास्त. तिसऱ्यात ज्वारीएवढे, मूठभर. चबने लगेच वाटाण्यांवर बोट ठेवलं. चब कशातही मोठं असेल ते निवडतो, बायको सोडून, ती त्याच्या खांद्यालाही लागत नाही.

"ऐक, ऐक. आधी मला सांग, मारणार किती लांबून?"

"दिसेल तिथून."

"म्हणजे किती लांबून?"

"मर्ल, ती काय मला भेटीची वेळ देऊन येते?"

"अगं रायफल नाहीये ही. रायफलला जनावर कुठे आहे ते लागतं. हिला जनावर किती लांब आहे ते लागतं. लांब असेल तर मोठा छर्रा, आवळ कडी. जवळ असेल तर बारीक छर्रा, सैल कडी. अंतर कळल्याशिवाय मी तुला काय देऊ?"

ऑर्फाला अंतर माहीत नव्हतं. कायोट्या कुठून येतात, कुठे थांबतात, किती जवळ येतात, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. रायफलवाल्याला करावा लागत नाही. पण गल्ल्यापाशी उभं राहून माहीत नाही म्हणायचं, आणि तेही चबच्या देखत, ते काही तिला जमलं नाही.

"चाळीस पावलं," ती म्हणाली. "आणि कडी सगळ्यात आवळ दे."

"सगळ्यात आवळ कशाला?"

"आवळ ते नेमाचं."

मर्लने चबकडे बघितलं. चबने कपात बघितलं.

त्या दुपारी डेल्विन बस घेऊनच आला. शाळा सुटल्यानंतर तो बस सरळ बहिणीच्या अंगणात उभी करतो आणि वर तिनेच भाजलेली गोड पाई खातो. त्याने कपडे धुवायच्या यंत्राचं रिकामं खोकं कोठाराच्या भिंतीला टेकवलं. ऑर्फाने कोळशाने त्यावर कायोटी काढली. ती डुकरासारखी दिसत होती, पण डेल्विनला बोलायला तेवढं नको म्हणून ती लगेच चाळीस पावलं मोजत लांब गेली. पहिलं काडतूस वाटाण्यांचं. दणका असा बसला की तिचे दात एकमेकांवर आपटले.

दोघं खोक्यापाशी आली. डुकराच्या चारी बाजूंनी भोकं होती. डुकराला एकही नव्हतं.

"घाबरून मेली असणार," डेल्विन म्हणाला.

"गप्प."

"नाही, मी काय म्हणतो, हार्टचा त्रास असेल तर—"

तिने तुरीचं काडतूस घातलं. आवळ कडीतून तेही वेडंवाकडं फाकलं, अर्धं खोक्याबाहेर. मोठे छर्रे अरुंद तोंडातून घुसवले की ते एकमेकांना ढकलतात आणि बाहेर पडल्यावर चौखूर उधळतात, हे मर्ल तिला सांगायला बघत होता आणि तिने ऐकलं नव्हतं. डेल्विनने तिच्या हातातून कडी फिरवायची चावी घेतली, कडी काढली, एक पायरी सैल कडी बसवली. आता मात्र भोकं डुकराच्या बरगड्यांत, दाट, एका ताटाएवढ्या जागेत. ऑर्फा बराच वेळ त्या भोकांवरून बोटं फिरवत राहिली.

"ऑर्फी," डेल्विन म्हणाला. आवाज बसमधला नव्हता. "तुझा खांदा बघ. उद्या हात वर नाही जायचा. कशासाठी चाललंय हे? गावात ये. आमच्याकडे खोली आहे."

"खोलीत काय करू?"

"लोक काय करतात खोलीत? बसतात."

"तू जा. तुझी बस वाट अडवून बसलीय."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी ती कुरणाच्या टोकाला सेजच्या झुडपात जाऊन बसली. तोंडात लाकडी शिट्टी. ती फुंकली की सापडलेल्या सशासारखा टाहो निघतो आणि कायोटी धावत येते, असा हिशेब. वडील असताना येतही. ऑर्फाने ससा वाजवला, परत वाजवला, ओठ फुटेपर्यंत वाजवला. पलीकडच्या टेकाडावरून दोन कायोट्यांनी डोकी काढली, ऐकलं, आणि शेपट्या खाली घालून उलट्या दिशेने चालत्या झाल्या. हिवाळाभर गावातली पोरं शर्यती लावून बॅटरीवरच्या भोंग्यातून हाच ससा अख्ख्या माळावर वाजवत हिंडली होती. या खोऱ्यातल्या कायोटीला सशाचा टाहो म्हणजे पिकअप, पोरं आणि गोळी, एवढं पाठ होतं.

ती रोज बसत राहिली. वारा कधी तिच्याकडून त्यांच्याकडे, कधी नुसता तोंडावर वाळू मारायला. एकदा एक कायोटी लांबून तिरकी गेली. ऑर्फाने मारलं, अर्ध्या वाटेत धूळ उडाली आणि कायोटीने थांबून मागे वळून बघितलं. तेच तिला फार लागलं. पळाली असती तर चाललं असतं.

आणि ती इकडे टोकाला बसलेली असताना तिकडे दुसऱ्या टोकाला मेंढी ओरडायची. दर सकाळी नाही. पण ज्या सकाळी ओरडायची नाही त्या सकाळी ऑर्फा जास्तच भ्यायची. तिचं जेवण तुटलं. गार कॉफी आणि उभ्या उभ्या खाल्लेला बिस्किटाचा तुकडा. डाव्या खांद्यावर वांग्यासारखा डाग चढला. एकदा पोरक्या कोकराला बाटली पाजता पाजता ती उठून बाहेर गेली, मोकळ्या माळाकडे तोंड करून वडिलांना ऐकवता येणार नाहीत अशा शिव्या घातल्या आणि परत येऊन बाटली धरली.

त्यानंतरच्या एका सकाळी कुरणात जुळं गेलं होतं. दोन्ही. मेंढी ओरडतही नव्हती, नुसती ज्या जागी कोकरं होती तिथलं गवत हुंगत होती. ऑर्फाने दोन्ही बादलीत घातली, बंदूक आता सुटतच नव्हती ती पाठीला लावली, चारचाकी फटफटी काढली आणि कोठारामागच्या घळीकडे गेली.

मेलेलं जनावर घळीत. कोकरू असो, म्हातारी मेंढी असो, विताना पडलेली वार असो. वडील टाकायचे, वडिलांचे वडील टाकायचे. खोऱ्यात प्रत्येकाची अशी एक घळ आहे. वडिलांचं त्यामागे एक शास्त्रही होतं: मेलेलं खाऊन पोट भरलं की कायोटी जिवंताच्या वाटेला जात नाही. ऑर्फाने ते कधी तपासून बघितलं नव्हतं; ते वडिलांनी सांगितलं होतं. तिची पद्धत ठरलेली. काठावर जायचं, बादली पालथी करायची, चिकटलेलं सुटावं म्हणून दगडावर दोनदा आपटायची आणि वळायचं. मागे बघायचं नाही. आपण वाढवलेल्या जिवाचं पुढे काय होतं ते बघण्यात अर्थ नाही, असं तिचं मत होतं.

तिने बादली आपटली. वळली. फटफटी चालू होईना.

एक लाथ, दुसरी लाथ, नुसती खुरखुर. ती घाम पुसायला म्हणून वळली आणि घळीच्या पलीकडच्या उतारावर तिला त्या दिसल्या. लपलेल्या नव्हत्या. पुढचे पाय जुळवून, मांडी घातल्यासारख्या, तीन कायोट्या बसल्या होत्या. मधली मादी, एक कान कुरतडलेला, सड लोंबणारे. बाकीच्या दोन तिच्याच, गेल्या वर्षीच्या असाव्यात. त्यांनी फटफटीची खुरखुर ऐकली आणि कान टवकारले. पळून जायला नाही. एकीने तर जांभई दिली. मग मादी उठली आणि सरळ खाली, घळीत, ऑर्फाच्या दिशेने चालत आली. अंगणात दाणे टाकल्यावर कोंबडी येते तशी. तिला बाईची भीती नव्हती, फटफटीची नव्हती, बादलीच्या आवाजाची तर मुळीच नव्हती. तो आवाज तिला पिल्लू असल्यापासून ठाऊक होता.

ऑर्फाने बंदूक खांद्याला लावली. इतकी जवळ की डाव्या डोळ्याला मादीच्या मिश्या दिसत होत्या. तिने चाप ओढला. मादीच्या पंजाशेजारी जमिनीत मुठीएवढा खड्डा पडला, आणि क्षणात तिन्ही कायोट्या नव्हत्या.

ती त्या खड्ड्याजवळ उतरली. चाळीस पावलांसाठी निवडलेली कडी, चाळीस पावलांसाठी निवडलेला छर्रा. इतक्या जवळून तो फाकलाच नव्हता, गोळीसारखा एकगठ्ठा गेला होता. आणि गोळी मारण्याचा डोळा तर तिच्याकडे उरला नव्हता. घळीत तिच्या पायांखाली हाडं होती. लहान, पांढरी, काही तिच्या वडिलांच्या वेळची. त्यांत ताजी, ओली. ऑर्फा तिथे खाली बसली. कोकराची चव त्यांना कुणी लावली हे विचारायला आता कुठे जायची गरज नव्हती. ती रोज बादली भरून लावत होती, आणि आपटून बोलावतही होती.

फटफटी सुरू व्हायला दुपार झाली. मर्लच्या दुकानात पोहोचली तेव्हा चब होताच. चब नसतो तेव्हा दुकान बंद असतं.

"मर्ल, सैल कडी दे. सगळ्यात सैल. आणि ज्वारीची काडतुसं."

"ऐक, ऐक. त्याने चाळीस पावलांवर काही होणार नाही."

"चाळीस नाहीत. इथून तुझ्या त्या खिळ्यांच्या बरण्यांइतकी. त्याहून कमी."

"इतक्या जवळ कायोटी येते कशाला?"

"जेवायला." तिने कडी हातात घेऊन फिरवली. "घळीत येतात. मी बादली आपटली की येतात."

चबने तोंड उघडलं. "माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचं खरंच काही म्हणणं नव्हतं. ते वाक्य नुसतंच पडून राहिलं.

ऑर्फाने कडी खिशात टाकली आणि विचारलं, "तू कुठे टाकतोस, चब?"

"घळीत."

"मर्ल, तू?"

"माझ्या सासऱ्याने ठरवून दिलेली जागा आहे," मर्ल म्हणाला आणि काडतुसं कागदात गुंडाळायला लागला. काडतुसं कुणी कागदात गुंडाळत नाही.

पहिल्या सकाळी त्या आल्या नाहीत. बंदुकीचा आवाज त्यांना आठवत असावा. ऑर्फा मरणाची भ्याली. आपल्या हातात असलेली एकच जागा आपणच घालवली असं तिला वाटलं. शेपट्या कापायचा दिवस तोंडावर आला होता. डेल्विनने ट्रकवाल्याशी बोलून ठेवलं होतं, नुसतं बोलून, असं तो म्हणाला. दुसऱ्या सकाळीही घळ रिकामी. तिसऱ्या सकाळी तिने बादलीत खरोखरचं काहीतरी घातलं. पोरक्या कोकरांतलं एक रात्री मेलं होतं, चुलीपाशी, ज्याला ती बोटाने दूध चाटवत होती ते. ते तिने बादलीत ठेवलं आणि घळीकडे निघाली.

काठावर पालथी केली. आपटली, दोनदा.

मादी आली. आधी उतारावर उभी राहिली, नाक वर करून, आणि आली. एक पोर तिच्या मागे. तिसरी वरच थांबली. ऑर्फाने डावा डोळा मिटला नाही, श्वास धरला नाही, वडिलांनी शिकवलेलं काहीच केलं नाही. नुसती बंदूक वळवली आणि मारलं. मादी बसल्यासारखी खाली झाली. पोराने उडी मारली, पण पळालं नाही. ते बादलीकडे बघत होतं. आवाज झाला होता, आई पडली होती, पण बादली तर तीच होती. त्याला यातलं काय खरं मानायचं ते कळेना. ऑर्फाने मूठ सरकवली, टरफल तिच्या पायाशी पडलं, आणि तिने दुसरं मारलं. वरची तिसरी तोवर गेली होती.

मादीचे सड भरलेले होते. म्हणजे पिल्लं कुठेतरी बिळात. ऑर्फा दुपारपर्यंत उतार धुंडाळत राहिली, प्रत्येक बिळाला कान लावून. बिळं होती, आवाज नव्हता. घरी आली, हात धुतले, आणि परत धुतले.

त्यानंतर कोकरू गेलं नाही. एकही नाही. तिने सकाळी कुरणात जाऊन ऐकायचं आणि काही ऐकू यायचं नाही, याची तिला सवय होईना.

शेपट्या कापायच्या दिवशी सगळे आले. चबने कोकरं धरली, मर्लने शेपट्या छाटल्या, बायकांनी बटाट्याचं सॅलड आणि रुबार्बची आंबटगोड पाई आणली. जेवणं झाल्यावर डेल्विन शेपट्यांच्या ढिगापाशी उकिडवा बसला. मोजताना त्याचे ओठ हलत होते. मोजून झाल्यावर त्याने ढीग परत एकत्र केला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा मोजतोय हे बघूनच सगळ्यांना कळलं. चब हळूच उठून पिकअपकडे गेला.

"कमी आहेत," डेल्विन म्हणाला.

"किती ते नको सांगूस."

"ऑर्फी, आता थांबलंय ते मला दिसतंय. पण पुढच्या वर्षी—"

"घळ आपली होती, डेल्विन."

"माहीतेय. मर्ल बोलला." तो शेपट्यांकडेच बघत होता. "शाळेतून आल्यावर मीच न्यायचो बादली. आठवतंय? बाबा मला एक नाणं द्यायचे. मी आपटायचो पण. तीनदा आपटायचो."

ऑर्फाने बाजूला पडलेली एक शेपटी ढिगावर ठेवली आणि ती म्हणाली, "ट्रक बोलाव."

डेल्विनने मान वर केली. त्याने भांडणाची तयारी केली होती आणि समोर भांडण नव्हतं.

"चांगल्या दातांच्या सगळ्या ने," ती म्हणाली. "त्यांची कोकरंही ने. दात पडलेल्या मला ठेव."

"त्या म्हाताऱ्या? त्यांना गवत चावता येत नाही. खाद्य भिजवून भरवावं लागेल. त्यांना बाजारात कुणी फुकट घेणार नाही."

"म्हणून तर मागतेय. तुझं काही जात नाही."

"आणि त्या मेल्या की? एकेक करून मरणारच त्या."

"मरतील."

डेल्विनने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "ठीक आहे," तो म्हणाला. "गलका नको." पण ते त्याने स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगितलं.

ट्रक आला आणि गेला. उरल्या त्या मेंढ्यांचे गाल बसलेले, लोकर विरळ, आणि प्रत्येकीला ऑर्फा नावाने ओळखत होती, कारण प्रत्येकीत कधी ना कधी तिचा हात गेला होता. आठवडाभरात त्यांतली सगळ्यात म्हातारी गव्हाणीपाशी बसली ती उठली नाही.

ऑर्फाने तिला घळीत नेलं नाही; कुदळ घेतली. माळाची जमीन वर खडूसारखी आणि खाली दगड. डावा खांदा अजून वर जात नव्हता, म्हणून ती उजव्याने घाव घालायची आणि डाव्याने नुसती धरायची. बंदूक कुंपणाला टेकवलेली होती, सैल कडी लावलेली. टेकाडावर एक डोकं वर आलं, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलं. ऑर्फाने एकदा मान वर करून बघितलं, मग खाली बघून खणायला लागली. गुडघाभर खड्ड्याने कायोटीला काही होत नाही. ती उकरून काढते. कमरेएवढा पाहिजे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो मांडीपर्यंत आला होता.